साध्या पाण्याचा ट्रे

मित्रांनो, मी एक जुना इनॅमलचा ट्रे आहे. लांबीला दीड हात, रुंदीला एक हात आणि खोलीला चार बोटे. अंग पांढरे, काठ निळा. आता दोन ठिकाणी टवके उडाले आहेत आणि एका कोपऱ्यात गंज धरला आहे, पण माझी कसलीही तक्रार नाही. माझे आयुष्य चांगल्या माणसांच्या हातांत गेले. कुणी मला घासून घासून धुतले, कुणी माझ्यावर संशय घेतला आणि मग माझेच ऐकले. त्यांचे उपकार मानावेत, म्हणून हे सांगायला बसलो आहे.

माझा जन्म लोखंडाच्या पत्र्यातून झाला. एका दणकट यंत्राने पत्रा दाबला आणि मला आकार आला. मग मला काचेच्या भुकटीच्या दाट पाण्यात बुडवले, वाळवले आणि लालभडक भट्टीत सरकवले. बाहेर आलो, निवलो, तेव्हा तिथे काम करणाऱ्या एका बाईने मला नखाने टिचकी मारली. टण्ण असा आवाज आला. ती म्हणाली, "हा पक्का आहे." माझ्याविषयी कुणी काढलेले ते पहिले उद्गार. अजून आठवले की बरे वाटते.

माझ्यासारखी आणखी तीन भावंडे होती. आम्हा चौघांना भुशात गुंडाळून एका खोक्यात भरले. कुठे जाणार ते कुणी सांगितले नव्हते. मला वाटत होते, आपण बेकरीत जाऊ आणि ऊबदार जागी राहू. खोके उघडले ते मात्र पिकांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात.

ती खोली लांबट होती. एका बाजूला काळ्या दगडाचा ओटा, त्यावर दोन नळ, आणि त्यांतला एक सदा गळका. भिंतीला काचेच्या बशांनी भरलेली कपाटे. कोपऱ्यात पिंपाएवढा वाफेचा कुकर. आम्हाला खोक्यातून बाहेर काढले ते एका ठेंगण्या, टक्कल पडलेल्या गृहस्थांनी. त्या खोलीतली सगळी धुलाई त्यांच्याकडे होती. आधी ते एका दवाखान्यात हत्यारे उकळायचे काम करत. इथे आल्यावरही जे दिसेल ते उकळायची त्यांची सवय काही सुटली नव्हती. म्हणून सगळे त्यांना उकळीकाका म्हणत. "काकांसमोर फार वेळ उभे राहू नका, तुम्हालाही कुकरात टाकतील," अशी थट्टा चालायची. काका हसायचे आणि आणखी एक भांडे चढवायचे.

आमची मालकीण म्हणजे त्या खोलीतल्या मॅडम. वय तिशीच्या आतबाहेर, केसांना एकच मोठी पिन, आणि कामात इतक्या बुडालेल्या की दुपारी आईचा फोन आला की "हो गं आई, जेवले," असे सांगायच्या आणि डबा तसाच माझ्याशेजारी बंद पडलेला असायचा.

मॅडमचे काम काय, ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या इनॅमलवर काटा आला. त्या मक्याच्या चांगल्या, टपोऱ्या दाण्यांना मुद्दाम बुरशी लावत!

काकांनाही ते पटले नव्हते. एकदा त्यांनी विचारलेच, "मॅडम, रागावणार नसाल तर विचारतो. लोक रोग घालवायला शिकतात. तुम्ही एवढं शिकून रोग लावायला का बसलात?"

मॅडम हसल्या. "काका, शेतात हा रोग कुणाला होतो, कुणाला होत नाही, याचा काही नेम नसतो. एखादं वाण निरोगी दिसलं, तर ते खरंच चिवट आहे की त्या वर्षी रोगच आला नाही, हे कसं कळणार? परीक्षा घ्यायची तर सगळ्यांना प्रश्नपत्रिका एकच हवी ना? मी ती प्रश्नपत्रिका तयार करतेय."

"म्हणजे तुम्ही मास्तरीण झालात म्हणा," काका म्हणाले. आणि त्या दिवसापासून ते निमूटपणे वाळू चाळू लागले.

ही प्रश्नपत्रिका तयार करणे सोपे नव्हते. प्रत्येक दाण्याला सारखीच लागण व्हायला हवी. एकाला जास्त, एकाला कमी असे झाले तर परीक्षा खोटी. मॅडमनी तीन रीती करून पाहायचे ठरवले. पहिल्या रीतीत बुरशीचे कण मिसळलेल्या पाण्यात दाणे बुडवून ठेवायचे. दुसऱ्या रीतीत बुरशी लावलेल्या बारीक सुईने प्रत्येक दाण्याला टोचायचे. तिसरी रीत मॅडमची लाडकी होती. काचेच्या बशीत जेलीसारखा थर ओतून त्यावर बुरशी वाढवायची, आणि त्या मऊ गादीवर दाणे दोन-तीन दिवस निजवायचे. पण ओलावा मिळाला की दाण्याला कोंब फुटणार. म्हणून त्या जेलीत असे काही मिसळत, की दाण्याला पोटभर पाणी शोषता येऊ नये. बुरशीची तहान दाण्यापेक्षा कमी. ती तेवढ्यावरही वाढते. दाणा मात्र निजून राहतो आणि बुरशी हळूच आत शिरते.

मग ते दाणे आम्हा ट्रेंमध्ये, वाफवलेल्या वाळूत पेरायचे. एकेकात शंभर दाणे. दहा ओळी, ओळीत दहा. माझी भावंडे त्यावरून ओळखली जाऊ लागली. बुडीचा ट्रे, सुईचा ट्रे, गादीचा ट्रे. आणि मी? माझ्या वाट्याला आलेल्या दाण्यांना बुरशी दाखवायचीही नाही. बाकी सगळे तेच, फक्त बुरशीच्या जागी साधे पाणी. माझ्या पाठीला चिठ्ठी लागली, 'साधे पाणी'.

खरे सांगू? सुरुवातीला मला वाईट वाटायचे. भावंडांभोवती गर्दी. कुणी भिंग घेऊन बघतो, कुणी फोटो काढतो. कुठे कोंब काळा पडलेला, कुठे दाण्यावर गुलाबीसर पांढरी लव आलेली. माझ्याकडे मॅडम एक नजर टाकायच्या, शंभर हिरव्या पात्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, 'लागण नाही.' दर वेळी तेच दोन शब्द.

पण काकांना माझी किंमत कळली होती. मला ते सगळ्यांच्या आधी धुवायचे. आधी ब्रशने, मग साबणाने, मग उकळत्या पाण्याने. म्हणायचे, "आजाऱ्याचं भांडं एक वेळ चालेल कसंही, पण तू डागाळलास तर बाकीच्यांचं खरं-खोटं कुणी करायचं?"

अशी दोन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षी मात्र जे व्हायला नको ते झाले.

पेरणीनंतरचा सातवा दिवस होता. सकाळी मॅडम आल्या, पर्स खुंटीला लावली आणि नेहमीसारखी माझ्यावर नजर टाकली. ती नजर तिथेच थिजली. माझ्यातल्या कित्येक ओळी विस्कटल्या होत्या. काही दाणे उगवलेच नव्हते. काही कोंब वाळूवर आडवे पडले होते. मॅडमनी चिमट्याने एक दाणा उचलला. त्यावर तीच लव होती, गुलाबीसर पांढरी. त्यांनी दोनदा मोजले. शंभरातले एकोणीस.

"काका," त्यांनी हाक मारली. आवाज चढला होता. "हा ट्रे कसा धुतला होता?"

"नेहमीसारखा."

"नेहमीसारखा धुतला असता तर हे झालं असतं का? तीन वर्षांचं काम आहे माझं! तुम्हाला कल्पना तरी आहे का?"

खोलीत आणखी चार-पाच जण होते. काकांनी हातातला ब्रश ओट्यावर ठेवला. मग ओले हात पुसत ते बाहेर निघून गेले.

मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर! काकांनी मला कसे धुतले होते, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत होते? पण ट्रेला बोलता येत नाही. आपल्यात जे उगवले ते दाखवायचे, एवढेच त्याच्या हातात असते.

पुढचे दिवस फार जड गेले. काका वेळेवर यायचे, काम करायचे, पण चार वाजता सगळे चहाला बसले की त्यांचा कप पालथाच राहायचा. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. ऑफिसातल्या कारकुनाने मॅडमना सुचवले, "लेखी तक्रार देऊन टाका. उद्या तुमच्यावर नको यायला." त्याने कोरा अर्जही आणून दिला. मॅडमनी तो डब्याखाली ठेवला. तो तिथेच राहिला.

मग साहेब आले. हे केंद्राचे प्रमुख. ज्या मक्यावर हे सारे चालले होते, ते वाण त्यांनी अकरा वर्षे खपून तयार केले होते. त्यांना दोन मुली, पण हे वाण त्या दोघींच्याही आधी सुरू झाले होते, म्हणून ते त्याला 'थोरली' म्हणत. थोरलीचे बियाणे यंदा पहिल्यांदाच गावोगावी जायचे होते. पोती भरून तयार होती. फक्त मॅडमचा अहवाल यायचा बाकी होता, महिन्याभरात.

"एक ट्रे बिघडला, त्याचं एवढं काय?" साहेब म्हणाले. "धुण्यात राहिलं असेल काहीतरी. हा आकडा सोडून दे. मागच्या दोन वर्षांचे आहेत ना चांगले?"

"हो साहेब."

"मग झालं तर."

साहेब गेले. मॅडम माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. वही उघडली. 'एकोणीस' हा आकडा त्यांनी पेन्सिलीने लिहिला होता. त्यांनी खोडरबर उचलला. किती वेळ तो बोटांत फिरवत बसल्या होत्या! खिडकीतले ऊन ओट्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. शेवटी त्यांनी खोडरबर खणात टाकला, शाईचे पेन काढले आणि पेन्सिलीच्या आकड्यावरून ठसठशीत गिरवले, 'एकोणीस'.

त्या क्षणासाठी मी मॅडमचा जन्माचा ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी त्या काकांकडे गेल्या. "काका, हा ट्रे पुन्हा पेरायचाय. तुम्ही धुवा. मी बघते."

काका त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "बघा. तुमच्यासमोर धुतो. मग तरी पटेल."

असे धुणे मी आयुष्यात अनुभवले नव्हते. काकांनी मला तीनदा उकळले. वाळू दुप्पट वेळ वाफवली. पाणी उकळले, गाळले, झाकून ठेवले. मॅडमनी दाणे औषधाच्या पाण्यात स्वतः धुतले आणि स्वतः पेरले. मला खिडकीजवळ, सगळ्यांपासून दूर ठेवले. सात दिवस दोघेही येता-जाता माझ्याकडे बघत होते, एकमेकांकडे मात्र नाही.

सातव्या दिवशी मॅडमनी मोजले. बावीस. आधीपेक्षाही जास्त!

त्या मटकन स्टुलावर बसल्या. काका नळापाशी उभे होते. थोड्या वेळाने ते जवळ आले आणि माझ्यावर वाकून म्हणाले, "मॅडम, ट्रे मी धुतला. वाळू मी वाफवली. पाणी मी उकळलं. तुमच्या डोळ्यांसमोर. हो ना?"

"हो काका."

"दाणे कुणी धुतले?"

"मी."

"बाहेरून?"

"बाहेरूनच धुणार ना काका. आतून कोण..." मॅडमचे वाक्य अर्धेच राहिले.

एवढ्या शिकलेल्या मॅडमना हे ठाऊक नव्हते असे नाही. बुरशी दाण्याच्या आत लपून बसते आणि दाणा वरून लख्ख दिसतो, हे त्यांनी स्वतः दहा जणांना शिकवले असेल. पण हे दाणे थोरलीचे होते, साहेबांच्या शेतातले. त्यांच्यावर संशय घ्यायचे कुणाच्या मनातच आले नव्हते. धुणाऱ्यावर घेणे सोपे होते.

मॅडमनी पोत्यातून मूठभर दाणे आणले आणि औषधाच्या पाण्यात धुतले. मग चाकूचे पाते जाळावर धरून निवू दिले आणि एकेक दाणा उभा चिरला. चिरलेले दाणे साध्या जेलीवर ठेवले. चौथ्या दिवशी त्यांतल्या कित्येकांच्या पोटातून लव बाहेर आली होती. कुणी न लावता. मग त्यांना आठवले, की यंदा जुन्या बरणीतले दाणे पुरणार नव्हते म्हणून नव्या पोत्यातले घेतले होते. बरणीच्या तळाशी पन्नास दाणे उरले होते. काकांनी मला धुतले, मॅडमनी ते पन्नास पेरले. पन्नासच्या पन्नास उगवले, ताठ आणि हिरवेगार! चौकशी केल्यावर कळले, की त्या वर्षी खळ्यावर घाईघाईत कणसे पुरती न वाळवताच सोलून पोती भरली होती.

त्या दिवशी चार वाजता मॅडमनी काकांचा पालथा कप उचलला, स्वतः विसळला, चहा ओतला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिला. "काका, माझं चुकलं. चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांत सांगते."

काकांनी एक घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"साखर कमी पडलीय," काका म्हणाले.

खोली हसण्याने दणाणली. मॅडम हसता हसता डोळे पुसत होत्या. डब्याखालचा अर्ज त्यांनी फाडून टाकला.

पण खरे अवघड काम पुढेच होते. मॅडमनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. दुसऱ्या पेरणीतल्या आजारी दाण्यांची बशीही शेजारी ठेवली आणि सगळे सांगितले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, बशी डोळ्यांजवळ नेली.

"किती पोती?"

"त्या खळ्यावरची सगळी, साहेब."

"म्हणजे यंदा थोरली जायची नाही."

"नाही साहेब."

खिडकीबाहेर गोदामाचा पत्रा चमकत होता. साहेब तिकडे बघत म्हणाले, "आजारी लेकीला घराबाहेर कोण काढतं?" मग फोन उचलून त्यांनी स्वतः गोदामाला कळवले, एकही पोते हलवायचे नाही. फोन ठेवला आणि मॅडमना म्हणाले, "मी तुला आकडा सोडून दे म्हणालो होतो. तू ऐकलं नाहीस. बरं केलंस."

मित्रांनो, अकरा वर्षांची वाट बघून झाल्यावर आणखी एक वर्ष थांबायला काय लागते, ते मी त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. त्यांचेही माझ्यावर उपकारच आहेत. एका साध्या ट्रेसाठी त्यांनी आपला आनंद पुढे ढकलला.

काका निवृत्त झाले तेव्हा त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते उभे राहिले, "मी फक्त धुतलं," म्हणाले आणि बसले. मग त्यांच्या जागी आलेल्या ताईंना ओट्यापाशी नेऊन त्यांनी मला कसे धुवायचे ते तीनदा दाखवले.

पुढल्या वर्षी कणसे नीट वाळवली, बियाणे तपासून घेतले. माझ्यात शंभरच्या शंभर उगवले. आता बाकीच्या ट्रेंमधली लागण मॅडमनीच लावलेली आहे, हे छातीवर हात ठेवून सांगता येत होते. तिन्ही रीतींत गादीची रीत सरस ठरली. बुडीच्या ट्रेमध्ये काही दाणे सुटून जात आणि सुईच्या ट्रेमध्ये काही दाणे जखमेनेच मरत. मग गादीच्या रीतीने चाळीस वाणांची परीक्षा झाली. थोरली मधल्या कुठल्याशा नंबरवर आली. पहिली आली ती एक बारक्या, बेढब दाण्यांची, जिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते. साहेब खो-खो हसले. "कान टोचले माझे," म्हणाले आणि त्या दोघींचा संकर करायला घेतला. मॅडमचा अहवाल छापून आला. त्यात माझा फोटो नव्हता. पण एक ओळ होती: 'साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये लागण आढळली नाही.' ताईंनी ती मोठ्याने वाचली. मला तेवढे पुरले.

वर्षे गेली. प्लॅस्टिकचे हलके ट्रे आले. माझी भावंडे एकेक करून गेली. मग माझ्या कोपऱ्यात गंज दिसला. मॅडमनी त्यावर बोट फिरवले. त्यांचे केस आता कानशिलांवर पांढरे झाले होते. "याचा गंज पाण्यात उतरणार," त्या ताईंना म्हणाल्या. "आता याला इथे वापरायचं नाही." वाईट वाटले, पण त्यांचे बरोबर होते. ज्याने दुसऱ्याचे खरे-खोटे ठरवायचे, त्याच्या पाण्यात गंज नको. माझ्यावरच्या मायेपोटी त्यांनी हा नियम मोडला असता, तर मलाच ते आवडले नसते.

मॅडमची मोठी बहीण शाळेत शिकवते. तिने मला मागून घेतले. आता मी पाचवीच्या वर्गात, खिडकीखालच्या बाकावर असतो. मुले माझ्यात गहू पेरतात, मटार पेरतात, एकदा तर पेन्सिलीचा तुकडाही पेरला होता. मागच्या आठवड्यात गव्हाची एक ओळ उगवलीच नाही. लगेच आरडाओरडा सुरू झाला, "पाणी घालायची पाळी कुणाची होती? त्याचंच काम!" ज्याची पाळी होती तो मुलगा रडवेला झाला. तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. "थांबा ना जरा," ती म्हणाली, "आधी उकरून बघू." तिने बोटाने वाळू बाजूला केली. दाणे होतेच कुठे? ती ओळ पेरायचीच राहून गेली होती! आणि पेरायची पाळी ओरडणाऱ्यांचीच होती. सगळा वर्ग हसला आणि तो मुलगाही हसला.

मित्रांनो, मी आता बोलायचा थांबतो. मुले मला धुवायला न्यायला आली आहेत. तुमच्या घरात, शाळेत अशी कितीतरी माणसे असतील, जी रोज घासतात, पुसतात, उकळतात, झाकून ठेवतात. काही बिघडले की त्यांचे नाव आपल्या तोंडात पहिले येते. बोट दाखवण्याआधी तुम्ही उकरून बघा. आणि एखाद्या दिवशी, सगळे अगदी नीट झालेले असताना, जाऊन त्यांना तसे सांगा. चहात साखर मात्र बेताची नको, चांगली दोन चमचे घाला.